दोन पेडलांमधली दांडी

गाडी थांबली, एवढं खरं. कोणी थांबवली, ते तिला कळलं नाही. बॉनेटपासून हातभर अंतरावर डोक्यावर उलटी खुर्ची घेतलेला एक माणूस उभा होता. खुर्चीचे चार पाय आकाशाकडे, त्याचे दोन रस्त्यात, आणि चेहऱ्यावर राग यायला अजून थोडा अवकाश होता. डावीकडे ओळीनं उभ्या केलेल्या टेम्पोंच्या फटीतून तो बाहेर आला होता, आणि डोक्यावर खुर्ची असलेला माणूस जसा येईल तसाच, म्हणजे फक्त समोर बघत. "जरा बघून चालवा की," तो शेवटी म्हणाला. "बघितलं म्हणूनच तुम्ही अजून उभे आहात," तिचा नवरा स्टिअरिंगमागून म्हणाला, आणि ते इतक्या आनंदानं की खुर्चीवाल्याला पुढे भांडण कसं न्यावं ते सुचेना. खुर्ची सावरत तो पलीकडच्या फुटपाथवर चढला. नवऱ्यानं मान पूर्ण डावीकडे वळवली. अलीकडे तिच्याकडे बघायचं तर त्याला मान पूर्ण वळवावी लागे. "बघितलंस?" त्यानं विचारलं. ती "हं" म्हणाली. ती स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होती. चप्पल पेडलवर होती आणि पेडल पार तळाला गेलेलं होतं. पण पायानं पेडल खाली नेलं होतं, की पेडल आधी गेलं आणि पाय त्याच्या मागून गेला, हे पाय सांगत नव्हता. इतकी वर्षं त्या पायाला तिनं काही विचारलं नव्हतं. तो आपलं काम करायचा, ती बोलायचं काम करायची, आणि दोघांचं छान चाललेलं होतं.

गाडी तिच्या ड्रायव्हिंग स्कूलची होती. तशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, आणि दोन्हीकडची पेडलं एका लोखंडी दांडीनं खालून जोडलेली असतात. ती बसवताना मेकॅनिक म्हणाला होता, "ताई, इकडं दाबलं की तिकडचं खाली, तिकडं दाबलं की इकडचं. दांडीला माणूस कळत नाही." तेव्हा तिला ते फार सोयीचं वाटलं होतं. मेकॅनिकनं एक भोंगाही बसवून दिला होता; शिकवणाऱ्यानं ब्रेक दाबला की तो वाजायचा. पहिल्याच आठवड्यात तो वाजला की शिकाऊ लोक हात सोडून देऊ लागले, एक बाई तर दार उघडून उतरायला निघाली, म्हणून तिनं त्याची वायर काढून टाकायला लावली. मग ती ब्रेक मुकाट दाबू लागली, आणि धंद्यातली पहिली गोष्ट शिकली. कुत्रं आडवं आलं, रिक्षा घुसली, गाडी जागच्या जागी थांबली, की शिकणारा पांढराफटक होऊन विचारायचा, "मॅडम, आत्ता ब्रेक कोणी दाबला?" आणि ती आरशात बघत म्हणायची, "तूच की. छान थांबवलीस." पुढच्या वळणापर्यंत त्या माणसाचे खांदे खाली आलेले असत. खोटं बोलणं कुठे संपतं आणि शिकवणं कुठे सुरू होतं, याचा तिनं फार विचार केला नव्हता. खांदे खाली आले की स्टिअरिंग सरळ राहतं, हा हिशेब तिला पुरत होता. या न्यायानं गावातले कितीतरी सज्जन स्वतःला वेळेवर ब्रेक मारणारे समजून आज सुखानं गाड्या हाकत असतील. आणि हळूहळू त्यातले बरेचसे वेळेवर ब्रेक मारायला शिकलेही असतील. म्हणजे तिचं सगळं खोटं वाया गेलं नव्हतं.

घरी परत येताना नवरा गाणं गुणगुणत होता. तो गुणगुणायचा तेव्हा एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायचा, तीही अर्धी. आजारपणाच्या आधी तिला त्याचा वैताग यायचा. आजारपण आलं त्या सकाळी त्यानं ताटातलं उजवीकडचं सगळं खाल्लं होतं आणि म्हणाला होता, "आज एवढंसंच वाढलंस?" डाव्या बाजूला भाजी, पोळी, सगळं जसंच्या तसं होतं. ती हसली, थट्टा वाटली तिला. मग त्यानं लोणच्यासाठी हात पुढे केला आणि डावीकडचा पाण्याचा पेला धक्क्यानं खाली पडला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की पेला त्याच्यासाठी तिथे नव्हताच. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, डोळ्यांनी बघितलेलं मेंदूत जिथं पोचतं तिथला एक कोपरा बंद झालाय. डावीकडचा. नंतर त्यातला थोडा उघडला. किती, ते यंत्रावर ठिपके दाखवून मोजत, आणि नवरा प्रत्येक वेळी त्या ठिपक्यांच्या खोलीतून परीक्षेला बसलेल्या पोरासारखा बाहेर येई. त्या काळात घरच्या गाडीची किल्ली तिनं आपल्या पर्समध्ये टाकली. कोणी टाकायला सांगितलं नव्हतं आणि त्यानं मागितली नाही. पर्समध्ये हात घातला की ती बोटांना लागायची, आणि दर वेळी तिला वाटायचं, आपण कुणाचा तरी दात सांभाळून ठेवलाय.

तो वजनकाटे तपासायचा. आसपासच्या गावांतली दुकानं, गोदामं, कारखान्यांतले जमिनीत बसवलेले मोठे काटे, या सगळ्यांकडे तो प्रमाण वजनं घेऊन जायचा, काट्यावर ठेवायचा आणि काटा खोटं बोलतोय की खरं ते सांगायचा. लोखंडाची ती जड वजनं डिकीत असत, म्हणून त्यांची गाडी नेहमी मागून जराशी बसलेली दिसायची. त्याला रस्ते आवडायचे, पण तो तसं म्हणायचा नाही, म्हणायचा, "वजनं बसनं नेता येत नाहीत ना." आता कंपनीनं त्याला एका टेबलाशी बसवलं होतं. लोक छोटे काटे घेऊन येत, तो दुरुस्त करून देई. बाहेरची कामं त्याच्याच हाताखाली शिकलेला एकजण बघत होता, आणि तो संध्याकाळी वजनं परत ठेवायला आला की नवरा त्याला विचारायचा, "पुलापलीकडचा रस्ता झाला का रे?" असं, जणू सहज. तिनं एकदा त्या माणसाला बाजूला विचारलं, "कसे असतात हो ते तिथं?" तो म्हणाला, "छान असतात की वहिनी. वजनं पुसत बसतात. पुसायची गरज नसते, पण बसतात." डिकी रिकामी झाली, तेव्हापासून गाडी मागून उचललेली दिसू लागली. दारात उभी असली की तिला ती उगीच नाक खुपसून काहीतरी शोधणाऱ्या जनावरासारखी वाटायची.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. तिनं एक दिवस तीन खोकी पाठवली: एकात खुर्चीसारखं काहीतरी, दुसऱ्यात स्टिअरिंग आणि पेडलं, तिसऱ्यात डोळ्यांवर चढवायचा व्हीआरचा मोठा चष्मा. "बाबांचा वेळ जाईल, आई. आणि मान फिरवायची सवय होईल. चष्मा घातला की जिकडे मान फिरवू तिकडचं दिसतं. डॉक्टरांनाही मी फोन करून विचारलंय." मुलीचं हे असंच. डॉक्टरला आधी, आईला नंतर. मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल भिंतीला गेलं आणि तिथं शर्यत सुरू झाली. पहिले काही दिवस नवरा दर वळणाला डाव्या कठड्यावर जाऊन आदळायचा. तिला स्वयंपाकघरात आदळल्याचा आवाज यायचा आणि त्यामागून त्याचं शांत "अरेच्चा". मग आवाज कमी झाले. मग बंद. दारात उभी राहून ती बघायची: डोळ्यांवर ते काळं डबडं बांधलेला एक पन्नाशीपलीकडचा माणूस, पायात घरातली स्लिपर, जागेवर बसून कुठंतरी भयंकर वेगानं चाललाय, आणि मान एका लयीत डावीकडे जातेय, परत येतेय, डावीकडे जातेय. ती मान बघून तिला भरून यायचं. धंद्यातली माणसं ज्या गोष्टीसाठी शिकाऊंच्या कानीकपाळी ओरडतात, ती त्या खेळानं न ओरडता करून घेतली होती. तिनं ते मान्य केलं. मुलीला फोनवर तसं सांगितलंसुद्धा. मुलगी म्हणाली, "मग? बाबा आता त्या खेळात दहातल्या नवांच्या पुढे आहेत. तिथे येतं, तर इथे का नाही येणार?" ती म्हणाली, "तिथे सगळे एकाच दिशेला जातात गं." मुलगी म्हणाली, "आई, तुझा धंदा बुडेल म्हणून बोलतेस तू."

धंद्याचं तिला भय नव्हतं. त्या खेळात तयार होऊन आलेले दोन-चारजण तिनं शिकवले होते. त्यांतल्या एकाला ती मनात शर्यतवाला म्हणायची. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, मला येतं, फक्त परीक्षेपुरतं हवंय." आणि त्याला खरंच येत होतं. हात असे की स्टिअरिंगला जन्मापासून ओळखत असावेत, नजर लांबवर, गिअर लोण्यासारखा. शिकाऊ माणसाचं मन नेहमी गाडीच्या नाकाशी असतं, याचं नव्हतं. जमेच्या बाजूला एवढं सगळं लिहून झाल्यावर तिला दिसू लागलं की हा गाडीत बसत नाही, गाडी बघतो. खड्ड्यात चाक गेलं की आपली खुर्ची हलली याचंच त्याला नवल वाटायचं. पोटात गोळा येऊन जे कळतं, ते त्याला वेगाच्या आकड्यावरून कळायचं. आणि सगळ्यात अवघड त्याला काय गेलं असेल तर हळू जाणं. भाजीवालीच्या टोपलीच्या, सायकलीच्या, रेंगाळणाऱ्या आजोबांच्या वेगानं जाणं. त्या खेळात हळू जाणारे नसतात, असले तर ते हरणारे असतात. तो घाबरतही नसे. ही गोष्ट जमेला धरावी की खर्ची टाकावी, हे तिचं कधी ठरलं नाही. शेवटी तो पास झाला आणि चांगला चालवतो, असं ऐकलं. म्हणजे तो खेळ शिकवत नाही असं काही ती छातीठोक म्हणू शकत नव्हती. तो अर्धं शिकवतो, आणि माणूस त्या अर्ध्याला पूर्ण समजतो, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण तिच्या शिकाऊंनाही ती दुसरं काय शिकवत होती?

एकदा तिनं तो चष्मा स्वतः चढवला. नवऱ्यानं पट्टा घट्ट केला, तिचे केस अडकले, तो म्हणाला, "थांब, ओढू नकोस," आणि मग घर गेलं. ती एका गाडीत होती. समोर लांबच लांब रस्ता, पलीकडे डोंगर, ऊन. खरं ऊन नव्हतं, पण तिचे डोळे बारीक झाले. हातांत स्टिअरिंग होतं आणि हात दुसऱ्याच कुणाचे तरी, मोजे घातलेले. सवयीनं तिनं आधी डावीकडे बघितलं. तिची जागा. तिथं सीटच नव्हती. नुसत्या लोखंडी नळ्या, उघडा पत्रा, एक लाल बाटली आग विझवायची. "अहो, इथली सीट काय झाली?" तिनं विचारलं. कुठून तरी, डोंगरापलीकडून यावा तसा, नवऱ्याचा आवाज आला, "शर्यतीच्या गाडीत नसते. वजन कमी करायला काढून टाकतात." वजनांचा माणूस तो, त्याला ते अगदी रास्त वाटत होतं. ती त्या नळ्यांकडे बघत राहिली. आयुष्यातला केवढा काळ तिनं डावीकडच्या सीटवर काढला होता. घरात, गाडीत, लग्नाच्या फोटोत. आता आजारानंतर तर ती त्याच्या न दिसणाऱ्या बाजूलाच बसायची, आवाज होऊन. आणि इथे दोघांचं काम एकदमच झालेलं होतं: त्याला ती दिसत नाही हा प्रश्नच मिटलेला, कारण ती नाहीच. "चालव की," तो म्हणाला. "कोणी आडवं आलं तर?" "शर्यतीत आडवं कोणी येत नाही, बाई," तो हसत म्हणाला. तिनं चष्मा काढला. खोलीत नवरा तिच्या डाव्या हाताला उभा होता, जिथून तिचं सगळं त्याला दिसेल अशा बेतानं. अशी जागा निवडून उभं राहायला तो केव्हा शिकला, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले होते, "यंत्र म्हणतंय बऱ्यापैकी आहे. पण यंत्रासमोर रस्ता नसतो. तुमच्या घरातच तज्ज्ञ आहे, त्यांच्यासोबत शांत रस्त्यावर चालवून बघा. बाई हो म्हणाल्या तर माझं हो." आणि ते तिच्याकडे बघून असे हसले, जणू मोठा मान दिला. म्हणून ती रविवारची फेरी, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, दोन्हीकडे पेडलं असलेली. त्यानं सुरेख चालवली. उगीच म्हणायचं म्हणून नव्हे, खरोखर. आरसे, मान, इंडिकेटर, सगळं. आणि मग ती खुर्ची.

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा खुर्चीवाला बराच मोठा झाला होता. "टेबल होतं की काय त्याच्या डोक्यावर, देव जाणे," नवरा सांगत होता, "फटीतून आला आणि माझा पाय आपोआप. विचार करायला वेळच नाही. तो खेळ शिकवतो बघ, पायाला शिकवतो." फोन स्पीकरवर होता. "आई, ऐकतेयस ना? आता दे बाई त्यांना ती किल्ली. सोमवारी ऑफिसात सांगू देत." ती कणीक मळत होती. "गाडी थांबली वेळेवर," ती म्हणाली. "थांबली काय? बाबांनी थांबवली," मुलगी म्हणाली. "कौतुक करायला तुझ्या जिवावर येतं नेहमी." नवरा म्हणाला, "तिला कौतुकाची सवय नाही गं, ती मास्तरीण." ती हात धुवायला गेली. नळाखाली उभी असताना तिला कळलं की आपण उजव्या पायानं फरशी दाबतोय. हे नवीन नव्हतं. सिनेमात, दुसऱ्याच्या गाडीत, एकदा तर नणंदेच्या मुलाच्या लग्नात नवरा-नवरीची गाडी फाटकातून वळताना तिनं लांबून फरशीवर ब्रेक मारला होता, आणि नवरा कानात म्हणाला होता, "तुझा पाय सुट्टीच्या दिवशीही कामावर असतो." तो पाय सुट्टी घेत नाही, तर मग आज त्यानं घेतली असेल कशावरून? पण त्याचा पायही तर गेला असेल. दोघांचे एकदम गेले असतील. दांडीच्या दोन टोकांवर दोन पाय, आणि काटा मध्ये. त्यात फरक असेल तो डोळ्याची पापणी लवण्याएवढा. त्या एवढ्याशा फरकात एक माणूस खुर्ची घेऊन उभा होता.

आठवडाभर ती माणसं शिकवत राहिली आणि तिचं लक्ष खाली होतं. बँकेतल्या एक साहेबीण बाई, ज्यांच्या एका सहीवर दुकानं उघडतात आणि बंद होतात, त्या चौकात गाडी बंद पाडून तिच्याकडे लहान मुलीसारख्या बघायच्या. सिग्नलला समोरची स्कूटर अचानक थांबली, गाडीही थांबली, आणि बाईंनी विचारलं, "मॅडम, मी दाबला ना?" तोंडाशी आलेलं "तुम्हीच की" तिनं अर्ध्यावर धरलं. "तुम्हाला काय वाटलं?" तिनं विचारलं. बाईंनी खाली पेडलाकडे बघितलं. "मला वाटलं मीच. पण पेडल जरा जास्तच सोपं गेलं हो." त्यानंतर उरलेला तास बाईंचे खांदे कानांपर्यंत वर होते. दुपारी ती मेकॅनिककडे गेली. "एकदा ब्रेक लागला की कोणी दाबला होता ते नंतर कळतं का?" मेकॅनिकनं हात पुसले. "ताई, दांडीला काय विचारणार? भोंगा परत जोडून देऊ का?" ती म्हणाली, नको. भोंगा वाजला आणि नवऱ्यानं ऐकला, हे तिला डोळ्यांसमोर आणवेना. त्याचा तो गुणगुणणारा चेहरा भोंगा वाजताना कसा होईल, ते तिला फार स्पष्ट दिसलं. हो म्हणायचं तर रस्त्यावरचा प्रत्येक खुर्चीवाला आपल्या 'हो'वर चालणार. नाही म्हणायचं तर घरातला हा एक माणूस टेबलाशी बसून वजनं पुसणार. आणि एका पारड्यात हे ठेवावं, दुसऱ्यात ते, असा काटा नवऱ्याकडेही नव्हता.

पुढच्या रविवारी ती गाडीत बसली, पट्टा लावला, चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. पाय पेडलांपासून वर, साडीखाली, दिसेनासे. हँडब्रेक तिच्या हाताशी होता. तेवढी सोय तिनं मनाशी धरली होती आणि तेवढ्यानं भागणार नाही हेही तिला ठाऊक होतं. नवऱ्यानं आरसे लावले, मान पूर्ण डावीकडे वळवली आणि तिची मांडी बघितली. "हे काय?" "कंबर धरलीय." "पूजेला बसल्यासारखी बसलीयस." "चला हो तुम्ही." मग त्यानं गाडी काढली. तोच रस्ता, तीच वळणं. तिला कधीच, तो शर्यतवाला सोडला तर, इतकी स्वच्छ गाडी हाकणारा शिकाऊ मिळाला नव्हता, असं मनात आलं आणि तिचं तिलाच चमकल्यासारखं झालं: शिकाऊ? हाच माणूस तिला पहिल्यांदा गाडी शिकवणारा. रिकाम्या मैदानात, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, क्लच सोडताना ती दर वेळी डोळे मिटायची आणि तो म्हणायचा, "डोळे मिटून गाडी जाते, पण परत येत नाही." तेव्हा त्याच्या पायाशी दुसरी पेडलं नव्हती. नुसता बसायचा, हात मांडीवर ठेवून. त्याला भीती कशी वाटली नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता तिचे हात मांडीवर होते आणि तिला भीती वाटत होती, आणि पाय मांडीत वळवळत होते, बांधून घातलेल्या वासरासारखे.

टेम्पोंची ओळ लांबूनच दिसली. फटीत कोणी नव्हतं. गाडीचा वेग कमी झाला. आणखी कमी झाला. माणूस चालेल इतका झाला. मग कोणी नसताना, काही नसताना, त्या फटीच्या अलीकडे गाडी उभी राहिली. मागे हॉर्न वाजला. "कोणी नाहीये," ती म्हणाली. "असेल," तो म्हणाला. "बघा की मान वळवून." "बघितलं. कोणी नाही. पण मी बघायच्या आधी तिथं काय होतं, ते मला सांगता येत नाही." त्यानं हात स्टिअरिंगवरून खाली घेतले. "तू पाय वर घेतलेस, म्हणजे तुला खात्री नाही." मागचा हॉर्न आता लांब वाजत होता. "मला वाटलं होतं," तो म्हणाला, "तू खाली ठेवशील. मग मीही विचारलं नसतं." मग गाडी बंद करून तो उतरला. पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आला, जाताना बॉनेटवर हात ठेवून, जसा तो पूर्वी मोठ्या काट्यांवर ठेवायचा, तपासून झाल्यावर. दार उघडून म्हणाला, "चल, घे तू."

पाय तिच्या पोटाखाली बधिर झाले होते. उतरताना रस्ता कापसाचा लागला. चपला हातात धरून ती पलीकडे गेली, उजव्या सीटवर बसली, पाऊल ब्रेकवर ठेवलं, तर पाऊल आहे की नाही तेच कळेना. अशा पायांनी गाडी हाकायची नाही, हे ती पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगते. पण मागे आता दोन हॉर्न होते, आणि शेजारी तो तिच्या जागेवर बसला होता, पट्टा लावत होता, आणि तिला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. तिनं गाडी काढली. पायात मुंग्या उठल्या. टेम्पो मागे गेले. उलट दिशेला गाड्या खोळंबून उभ्या होत्या, आणि त्यांच्या मधून, उजवीकडून, फोन कानाला लावलेली एक बाई सरळ रस्त्यात आली.

पायाखालचं पेडल गेलं. तिनं दाबलं नव्हतं. जिन्यात शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं ते तिच्या पावलाखालून सरकलं, आणि मग उशिरा, फार उशिरा, तिचा पाय त्याच्या मागून खाली पोचला. गाडी थांबली होती. बाईनं फोन कानावरून न काढता हातानंच माफी मागितली आणि ती पलीकडे गेली.

ती पेडलवर पाय तसाच धरून बसली. यात काही चुकण्यासारखं नव्हतं. दाबणारा आणि मागून पोचणारा, यांत घोळ होऊच शकत नाही. तो होतो फक्त दाबणाऱ्याच्या मनात, कारण त्याला दाबायची सवय असते. ज्याच्या पायाखालून पेडल जातं, त्याला कळतं. म्हणजे त्या रविवारी त्याला कळलं होतं. खुर्चीवाल्याशी हसून बोलला तेव्हा, फोनवर टेबल सांगत होता तेव्हा, आठवडाभर गुणगुणत होता तेव्हा. काट्याचा खोटेपणा केसाएवढा असला तरी ओळखणारा माणूस, आणि तो एवढं मनात धरून बसला होता, ती काय म्हणते ते बघत.

"कोणी दाबला?" तिनं विचारलं.

त्यानं मान वळवली नाही. तिच्या या बाजूला बसून त्याला सगळं दिसत होतं. "तूच की," तो म्हणाला. "छान थांबवलीस."

मागून पुन्हा हॉर्न आला. पर्स मागच्या सीटवर होती आणि किल्ली तिच्यात होती. ती आता तिथंच राहणार हे दोघांनाही कळलं होतं, आणि कोणी ते म्हणालं नाही. तिनं पहिला गिअर टाकला, आरशात बघितलं, पाय हळूच वर घेतला. पेडल पूर्ण वर आलं नाही. पलीकडे त्याचं पाऊल टेकलेलं होतं, दाबत नव्हतं, नुसतं टेकलेलं, आणि त्याचं एवढंसं वजन दांडीतून तिच्या तळव्याला कळत होतं. ते तसंच राहू देत तिनं गाडी पुढे घेतली.